पाठीचं दुखणं नव्हतं

माझी पुतणी झकिया पेटवे आमच्या कॉलेजच्या बँडची ड्रम मेजर झाली, त्या दिवशी माझा थोरला भाऊ एलरॉय फोनवर एवढंच म्हणाला, "लेनर्ड, झालं बघ." मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. एलरॉय बोलायला कंजूष. उभा जन्म कागदाच्या गिरणीत गेला, तिथल्या यंत्रांच्या घरघरीत कोण कुणाशी काय बोलणार. पण त्या दिवशी तो रडत होता हे मला कळलं, मला कळलंय हे त्यालाही कळलं, आणि मग त्याने फोन ठेवून दिला.

ड्रम मेजर बँडच्या पुढे चालतो. डोक्यावर तुऱ्याची उंच टोपी, तोंडात शिट्टी, हातात चांदीच्या मुठीचा दांडा. त्याने शिट्टी फुंकली की मागची सगळी पोरं पावलाला पाऊल जुळवून चालायला लागतात, आणि मैदानाच्या मधोमध तो मागे वाकत जातो, तुरा गवताला टेकेपर्यंत. अलाबामात आमच्या काळ्या लोकांच्या कॉलेजांत फुटबॉलची मॅच हरली तरी चालते. मध्यंतरात बँड फिका पडला तर मात्र वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी स्वतः त्याच बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवलाय. आमच्या वेळी कुणी म्हणालं असतं की एक दिवस ही टोपी मुलीच्या डोक्यावर येईल, तर हसून हसून आमची फुंक संपली असती.

झकियाची आई ती लहान असतानाच गेली. एलरॉयने दुसरं लग्न केलं नाही. गिरणीत राठ झालेल्या बोटांनी तो पोरीच्या वेण्या घालायला शिकला. पहिली काही वर्षं त्या वेण्या बघून चर्चमधल्या बायका तोंडाला हातपंखा लावून हसायच्या. मग हसणं थांबलं, कारण त्याला खरंच जमायला लागलं. पोरगी वाढली ती अशी. अभ्यासात पुढे, चर्चच्या गाण्यात पुढे, कुणाच्या घरी मयत झाली तर जेवणाचे डबे पोचवायला पुढे. "एलरॉयची पोरगी म्हणजे लोखंड," लोक म्हणायचे. म्हणायचे कौतुकाने, पण लोखंड दमलंय का हे कुणी विचारत नाही.

कॉलेज मॉन्टगोमरीत, आणि मीही तिथेच. टपाल वाटतो. त्यामुळे रविवारचं जेवण झालं की तिच्या खोलीवर एक डबा घेऊन जायची माझी पद्धत होती. त्या वर्षी सप्टेंबर उलटला तसं मला दिसायला लागलं की गेल्या आठवड्याचा डबा तसाच फ्रीजमध्ये आहे. केस नेहमी नीटनेटके असणारी पोरगी, आता सदानकदा डोक्याला रुमाल. विचारलं की म्हणायची, "सीझन आहे ना काका, दमायला होतं." मैदानावर मात्र काही कळायचं नाही. शिट्टी वाजली की तीच ती, सळसळती. लोक उभे राहून ओरडायचे.

मग एका दुपारी बँडचे डायरेक्टर मिस्टर गुडलो यांचा मला फोन आला. हा माणूस माझ्या वेळेला ढोल वाजवायचा. कडक, हसला तर दात दिसू नयेत याची काळजी घेणारा.

"लेनर्ड, तुझी पुतणी गाडीत बसलीय."

"मग?"

"सराव कधीच सुरू झाला. ती मैदानाबाहेर गाडीत बसून आहे. मी काच वाजवली तर मान हलवली तिने. उतरत नाही." मग ते म्हणाले, "मी ओरडलो नाहीये. तू ये."

मी टपालाच्या गणवेशातच गेलो. तिच्या शेजारच्या सीटवर बसलो. गाडी बंद होती, काचा वर, आत भट्टी. टोपी तिच्या मांडीवर. मैदानातून ढोल ऐकू येत होते आणि तिची बोटं त्या तालावर हलतसुद्धा नव्हती.

"काय झालं गं?"

"काही नाही झालं. तेच तर." तिचा आवाज सपाट होता. "काही झालं असतं तर सांगितलं नसतं का? कुणी मारलं नाही, कुणी सोडून गेलं नाही. नुसतं दार उघडायचं आणि उतरायचं, एवढंच आहे. हाताला सांगतेय, हात ऐकत नाही."

"झोपतेस का?"

"झोपही नाही आणि उठणंही नाही." मग समोर बघतच ती म्हणाली, "मरायचंय असं नाही, काका. पण सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली."

माझ्या ट्रॉम्बोनच्या रांगेत वेंडेल नावाचा मुलगा होता. सगळ्यात जास्त हसणारा, सगळ्यात जास्त हसवणारा. तो गेला त्याला गावात आजही 'अपघात' म्हणतात. आम्हाला त्या काळात दुसरा शब्दच माहीत नव्हता. पण शब्द माहीत नसला तरी चेहरा लक्षात राहतो, आणि त्या गाडीत मला तो चेहरा दिसला. "प्रार्थना कर", "धीर धर" असलं काही मी बोललो नाही. म्हटलं, "तू सरक. गाडी मी चालवतो."

"कुठे?"

"डॉक्टरकडे. ताप आला असता तर नेलंच असतं ना."

मनाच्या ज्या डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलो ती बाई गोड होती, पण झकिया बाहेर आली ती कपाळाला हात लावून. "तिला आधी मी बँड म्हणजे काय ते समजावलं, मग चर्च म्हणजे काय ते समजावलं, मग डॅडींना का सांगता येत नाही ते समजावलं. तेवढ्यात वेळ संपला. शिकवणी घेऊन आले मी." बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून टोमणा ऐकला, मला तेवढ्यानेही बरं वाटलं. मग ओळखीतून डॉक्टर लॉरेटा मिम्स यांचं नाव मिळालं. आमच्यातल्याच, काळ्या, जवळच्या सेल्मा गावच्या. पहिल्याच भेटीत त्या झकियाला म्हणाल्या म्हणे, "लोखंड म्हणतात का गं तुला? मलाही म्हणायचे." झकिया तिथे जी रडायला लागली ती थांबेना. त्या दिवशी काही समजवावं लागलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या, दर बुधवारी डॉक्टर मिम्सकडे जाणं सुरू झालं, आणि झकियाने स्वतः मिस्टर गुडलोंच्या हातात टोपी नेऊन दिली. "हा सीझन मला जमणार नाही, सर." गुडलो टोपीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती कपाटात ठेवली आणि म्हणाले, "तुझ्याकडून उधार घेतोय. कायमची काढून घेत नाहीये." असल्या माणसाकडून एवढं म्हणजे खूप झालं.

एलरॉयला गावी फोन करून मी सगळं सांगितलं. आता प्रश्न होता गावाकडे लोकांना काय सांगायचं. एलरॉयने तो सोडवला, म्हणजे त्याला वाटलं की सोडवला. "पाठ म्हणून सांगा," तो म्हणाला. "मागे वाकते ना ती. पाठ धरली. सगळ्यांना पटेल."

पटलं. इतकं पटलं की विचारू नका. आमच्या चर्चमधल्या सगळ्यात वडील बाई, मदर अर्लीन, यांनी घरी केलेलं मलम पाठवलं, बरणीभर. कुणी शेकायची पिशवी पाठवली, कुणी सापाचं तेल, कुणी हाडवैद्याचा पत्ता. झकिया तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. माझ्या घराला कापूर आणि टर्पेंटाइनचा असा वास सुटला की पोस्टात माझ्या शेजारी कुणी उभं राहीना.

कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या मेळाव्याचा दिवस आला नि गेला. बँड तिच्याशिवाय उतरला. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रेडिओवर ऐकत होती. मी चोरून बघितलं, तिची बोटं टेबलावर तालात वाजत होती. त्या रात्री तिने कॅटफिशचे दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला. दुसऱ्या दिवशी केस धुऊन बसली. असं हळूहळू. मधे एखादा दिवस पुन्हा सगळं पांघरुणाखाली जायचं. पण डॉक्टर मिम्सनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होणार, म्हणून आम्ही घाबरलो नाही, म्हणजे कमी घाबरलो.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही दोघं गावी गेलो. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेसाठी नावं घ्यायची वेळ आली तसा एलरॉय उभा राहिला. चांगला सूट, हातात टोपी. म्हणाला, "माझ्या मुलीच्या पाठीसाठी प्रार्थना करा. हळूहळू उतार पडतोय." लोक म्हणाले, "आमेन." मदर अर्लीन म्हणाल्या, "मलम लावतेय ना?"

आणि माझ्या शेजारून झकिया उठली.

"मदर अर्लीन, माझी पाठ ठणठणीत आहे."

चर्चमध्ये हातपंखे हलायचे थांबले.

"पाठीचं दुखणं कधी नव्हतंच. मला डिप्रेशन आहे. मनाचा आजार." ती खाली बसली नाही. "मी गाडीतून उतरू शकत नव्हते. खात नव्हते. जगण्यात मला काही अर्थ वाटत नव्हता. मी रोज गोळी घेते आणि बुधवारी डॉक्टरकडे जाते. मी प्रार्थनाही करते. कुणी म्हणेल की प्रार्थना पुरत नाही का. मदर अर्लीन, तुम्ही डायबिटीसची गोळी घेता, आणि प्रार्थनाही करता. हो की नाही?"

मदर अर्लीन यांचं वय नव्वदीकडे झुकलेलं. त्यांनी चष्मा सारखा केला. "दोन्ही करते," त्या म्हणाल्या. "आणि केकही खाते."

आधी एक जण हसला, मग सगळं चर्च हसलं, आणि त्या हसण्यातच काहीतरी सैल झालं. मदर अर्लीन यांनी काठी जमिनीवर आपटली. "बोल बाळा. थांबू नकोस."

झकिया बोलली. फार नाही बोलली. एवढंच म्हणाली की या बाकांवर माझ्या वयाची जी मुलं बसलीत, त्यांच्यातल्या कुणाला सकाळी जाग आल्याचं वाईट वाटत असेल, तर त्याने पाठ दुखते म्हणून सांगू नये. मलम लावून ते जात नाही. मग ती बसली. मी इकडेतिकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, माझी मान इतकी ताठ झाली होती की टाय घट्ट व्हायला लागला.

एलरॉय मात्र समोर बघत बसला होता. घरी जाताना ट्रकमध्ये आम्ही तिघं पुढे एका ओळीत.

"घरातलं वेशीवर टांगलंस," एलरॉय म्हणाला.

"मी चोरी केली का, डॅडी?"

"लोक म्हणतील एलरॉयची पोरगी वेडी आहे."

"म्हणू दे. तुम्ही पाठ म्हणालात तेव्हा लोकांनी जे होतं ते आणून दिलं. वाईट नाहीत लोक. त्यांना खरं दुखणं सांगितलंच नाही तर ते खरं औषध कुठून आणणार?"

घराशी पोचलो तर आमच्या आधीच एक गाडी येऊन उभी. ऑड्रिक नावाचा मुलगा, मोबील बंदरातल्या जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करतो, दारात मावणार नाही असा आडवातिडवा. चर्चमधून तो सरळ इकडे आला होता. टोपी हातात पिळत उभा.

"मिस्टर पेटवे, झकियाशी दोन मिनिटं बोलू का?" मग तिला म्हणाला, "ती तुझी डॉक्टर... शनिवारी असते का?"

एलरॉयने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या एवढाल्या खांद्यांकडे पाहिलं. मग दार उघडून म्हणाला, "आत ये. जेवून जा." जेवणं झाल्यावर पोरांना बोलता यावं म्हणून भांडी घासायला तो स्वतः उठला.

सुट्टी संपल्यावर झकियाने मिस्टर गुडलोंकडे सरावाच्या आधी थोडा वेळ मागितला. सगळ्या बँडसमोर उभी राहिली आणि चर्चमध्ये सांगितलं तेच सांगितलं. तरणी पोरं ती, पटकन हसतील, टिंगल करतील असं मला वाटलं होतं. मागे ट्रॉम्बोनच्या रांगेतून एक जण म्हणाला, "मग आम्ही तुला पाठीवरून चिडवायचो ते फुकटच गेलं." थोडे हसले. मग तोच मुलगा खाली बघत म्हणाला, "माझंही असंच चाललंय. मला वाटायचं मी आळशी आहे."

तिथून गुरुवारची बैठक सुरू झाली. सराव संपला की बँडच्या खोलीत खुर्च्या गोल मांडायच्या. नियम झकियाचे: इथे कुणी सीनियर नाही, इथे शिट्टी नाही, इथलं बाहेर जात नाही, आणि कुणी मरणाचं बोललं तर ते मात्र गुपित ठेवायचं नाही, त्याला घेऊन लगेच डॉक्टरकडे जायचं. डॉक्टर मिम्स महिन्यातून एकदा येऊन बसायच्या. सुरुवातीला मूठभर पोरं, नंतर खुर्च्या शेजारच्या वर्गातून आणाव्या लागल्या. मिस्टर गुडलो दाराबाहेर पहाऱ्याला उभे राहायचे, कुणी मधे घुसू नये म्हणून. आत कधी आले नाहीत. एकदाच म्हणाले मला, "आपल्या वेळी ही खोली असती, लेनर्ड, तर वेंडेल..." आणि पुन्हा पहाऱ्याला उभे राहिले.

ऑगस्टमध्ये ड्रम मेजरची निवड पुन्हा झाली. झकिया उतरली. बँडच्या जुन्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. आमच्यातलाच एक जण, नाव घेत नाही, कुंपणाला टेकून म्हणाला, "पोरगी चांगली आहे, पण मैदानातच काही झालं तर? बँड काय दवाखाना आहे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात गुडलो म्हणाले, "गेल्या वर्षी तुझी बायपास झाली. यंदा बार्बेक्यूच्या शेगडीपाशी तुला उभा करायचा की नाही?"

टोपी झकियाला मिळाली, दयेने नाही. त्या उन्हात सगळ्यांना दमवून मिळवली तिने.

मेळाव्याच्या दिवशी मी आणि एलरॉय वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मध्यंतर झालं. शिट्टीचा आवाज आला, आणि ती आली, पाय उचलत, हनुवटी वर. मागे सगळा बँड, पितळ उन्हात लखलखतंय. मैदानाच्या मधोमध ती थांबली आणि मागे झुकायला लागली. तुरा गवताला टेकला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं होतं. मी ओरडत होतो, शेजारची अनोळखी बाई मला मिठी मारत होती.

आमच्या पुढच्या ओळीत एक म्हातारा मागे वळून एलरॉयला म्हणाला, "हीच ना ती, गेल्या वर्षी आजारी होती? पाठ म्हणत होते."

मी भावाकडे बघितलं. तो उभाच होता, टोपी छातीशी.

"पाठ नव्हती," एलरॉय म्हणाला. गिरणीत हाक मारायचा तसा मोठ्याने, आजूबाजूच्या ओळींना ऐकू जाईल असा. "डिप्रेशन होतं. डॉक्टरकडे गेली, औषध घेतलं, अजून घेते. माझी मुलगी आहे ती."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. एलरॉयने तो हातात घेतला. त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. अडखळत बोलला, शाळेत बाईंसमोर धडा वाचावा तसा, पण बोलला.

झकिया पुढे पदवीधर झाली. आता बर्मिंगहॅमला काउन्सेलर व्हायचं शिकतेय. कधीमधी वाईट दिवस येतात, तेव्हा ती फोन करते, लपवत नाही. गुरुवारची बैठक तिच्यानंतरही चालू आहे. नवा ड्रम मेजर खुर्च्या मांडतो.

आणि एलरॉयने गेल्या वसंतात चर्चच्या तळघरात पुरुषांसाठी तशीच बैठक सुरू केली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. ऑड्रिकला बरोबर घेतलं, मासे तळले, मक्याचा ब्रेड केला, खुर्च्या मांडल्या. मीही गेलो होतो. गिरणीतले, लाकूडतोडीतले, शेतावरचे, सगळे आले, सगळे जेवले, आणि हवेबद्दल आणि ट्रकच्या टायरबद्दल बोलून घरी गेले. मुद्द्याचं एक अक्षर कुणी काढलं नाही.

घरी आल्यावर झकियाचा फोन आला. "कसं झालं, डॅडी?"

"कुणी काही बोललं नाही."

"पण आले होते ना?"

"आले होते," एलरॉय म्हणाला. "मासे कमी पडले."